स्पीकरजवळची खुर्ची

डिसेंबर सरत आला की मार्केट यार्डाच्या रस्त्याला हातगाड्यांवर हुरडा दिसायला लागतो. हल्ली तो पारदर्शक पिशव्यांत बांधलेला असतो, सोबत चटणीची पुडी फुकट. मी पिशवी नाकाशी नेते तेव्हा गाडीवाला म्हणतो, "ताजाच हाय, मावशी." मी ताजेपणा बघत नसते. त्या ओलसर, दुधाळ वासाबरोबर माझ्या छातीत हलगी वाजायला लागते. खरंच वाजते. आमच्या 'खळं' बँडची.

त्याच आठवड्यात कधीतरी फोनवर निरोप येतो, "यंदा जमायचं ना?" मग एका रविवारी सकाळी आम्ही 'खळं'वेडे कुणाच्या तरी गच्चीवर जमतो. सगळे साठीच्या आसपासचे. कुणाच्या गुडघ्याला पट्टा, कुणाच्या खिशात साखरेच्या गोळ्या. एकेकाळी हीच माणसं मैदानात धुळीत नाचून घरी गेल्यावर आईची बोलणी खायची, हे नातवंडांना सांगूनही पटत नाही. चहा येईपर्यंत सगळे सभ्य असतात. चहा झाला की भांडण सुरू.

"कॉलेजच्या मैदानावरचा कार्यक्रम. तसा पुन्हा झाला नाही."

"तुम्ही नदीकाठचा ऐकला नाहीत, म्हणून असं वाटतं तुम्हाला."

"मी होतो नदीकाठी. तुम्हीच दिसला नाहीत."

"मी गाणं ऐकायला गेलो होतो, तुम्हाला दिसायला नाही."

असं तासभर चालतं. आणि मग कुणीतरी माझ्याकडे वळून म्हणतंच, "अहो, ते सोडा. त्या स्पीकरजवळ बसायच्या, त्या तुमच्या सासूबाई ना?"

हो. त्या माझ्या सासूबाई.

ज्यांनी 'खळं' ऐकलंच नाही त्यांना काय सांगायचं? ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. पुण्यात गिटार वाजवणारी मुलं बरीच होती, पण ती इंग्रजी गाणी म्हणायची. आणि संबळ-हलगी वाजवणारी माणसं होती, ती जत्रेत आणि लग्नाच्या वरातीत वाजवायची. ही दोन्हीकडची माणसं एका मंचावर उभी राहिली तर काय होईल, हे अविनाश नावाच्या एका हडकुळ्या पोराला बघायचं होतं. बिनबाह्यांचा स्वेटर, खांद्यावर इलेक्ट्रिक गिटार आणि आवाज मात्र एखाद्या शाहिराचा. त्याच्या शेजारी मारुती, आमच्या हडपसरचा, हलगी घेऊन. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी मारुती मंचाच्या बाजूला कागद पेटवून त्यावर हलगी शेकायचा. कातडं तापून ताणलं की टिचकी मारून बघायचा. ती टिचकी ऐकू आली की मैदानातली सगळी गडबड थांबायची. जळलेल्या कागदाचा वास, थंडीत तोंडातून निघणारी वाफ, आणि मग एकदम मागून ड्रम, पुढून हलगी, मध्ये गिटार. पायाखालची जमीन हलायची. मी अतिशयोक्ती करत नाही. चपलेतून कळायचं.

त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं म्हणजे 'राखण'. ज्वारी दुधात आली की पाखरं तुटून पडतात, मग शेतातल्या माळ्यावर उभं राहून गोफण फिरवत ओरडायचं असतं. त्या ओरडण्याचंच गाणं केलं होतं. अविनाश हाळी द्यायचा, "पाखरा होऽऽय!" आणि सगळं मैदान उत्तर द्यायचं, "होऽऽय!" शहरातली पोरं मजा म्हणून ओरडायची. माझ्या मात्र डोळ्यांत पाणी यायचं, कारण मी ते खरंच ओरडलेली होते. शाळेला नाताळची सुट्टी लागली की माझे वडील, आबा, मला माळ्यावर उभं करायचे. माझा आवाज ओढ्यापलीकडच्या शेतात ऐकू जायचा. आबा म्हणायचे, "हिला गोफण कशाला? हिचा गळाच बास हाय."

असा आवाज घेऊन मी शनिवार पेठेत सून म्हणून आले. सुधीर कॉलेजात माझ्या पुढे होता. आमचं जमलं, दोन्ही घरांनी थोडं तोंड वाकडं करून होकार दिला. निघताना आईनं एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली, "तिथं हळू बोलायचं. पेठेतली माणसं हायेत ती. शेतात असल्यागत आरडू नगंस." मी आवाज दाबला. इतका दाबला की माझा मलाच ऐकू येईना.

घरात आम्ही तिघंच. मी, सुधीर आणि सासूबाई. आई म्हणायची मी त्यांना. नवरा लवकर गेल्यावर त्यांनी शाळेत मराठी शिकवून सुधीरला वाढवलं होतं आणि मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाल्या होत्या. उंच, ताठ, कडक इस्त्रीचं पातळ. बोलणं मोजकं आणि धारदार. दारावर आलेल्या सेल्समनला त्या म्हणायच्या, "आपण फार छान बोललात. आता जिना उतरताना सांभाळून." शास्त्रीय गाण्याचा त्यांना विलक्षण नाद होता. हिवाळ्यातली एकही बैठक त्या चुकवत नसत, असं सुधीर सांगायचा. पण मी लग्न होऊन आले तोवर त्यांनी जाणं बंद केलं होतं. का, असं कुणी विचारलं की उत्तर तयार, "आता गाणारे राहिले नाहीत. पुटपुटतात नुसते."

आणि माझ्याशी त्या बोलत नसत. म्हणजे समोर उभी राहिले तर उत्तर द्यायच्या, पण मी स्वयंपाकघरातून काही विचारलं तर गप्प. "आई, चहा ठेवू?" गप्प. "आई, भाजी कुठली करू?" गप्प. मला वाटायचं, हडपसरची सून आणल्याचा राग आहे. सुधीरला सांगितलं तर तो म्हणायचा, "ती सगळ्यांशीच कमी बोलते." रात्रीच्या जेवणाला तीन ताटांचा आवाज तेवढा व्हायचा.

लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात सुधीरनं कॉलेजच्या मैदानावरच्या कार्यक्रमाच्या दोन प्रवेशिका आणल्या. ऐन संध्याकाळी त्याचा बँकेतून निरोप आला, काम निघालंय, येत नाही. मी साडी नेसून तयार. तोंड उतरलं असणार माझं. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, प्रवेशिका उचलून चष्म्यातून वाचली आणि म्हणाल्या, "मी येते. बघू तरी काय किंचाळतात."

मी मनात म्हटलं, झालं. आता सबंध पेठ ऐकेल मी कुठल्या गाण्याला नेलं ते.

मागच्या बाजूच्या खुर्च्यांवर आम्ही बसलो. आजूबाजूला सगळी पोरं, त्यात या नऊवारीतल्या नसल्या तरी नऊवारीच्या ताठ्यानं बसलेल्या. मारुतीनं टिचकी मारली. सासूबाईंनी तिकडे बघितलंही नाही. मग हलगी कडाडली. सासूबाई दचकल्या आणि त्यांनी हात छातीवर ठेवला. मी वाकून विचारलं, "आई, बरं वाटत नाहीये का? निघू या?"

"गप्प बस," त्या म्हणाल्या. "ऐकू दे मला."

दोन गाणी झाली आणि त्या उठल्या. मला वाटलं, कंटाळल्या. पण त्या निघाल्या त्या सरळ पुढे, पोरांच्या गर्दीतून वाट काढत. पुढच्या रांगेत कडेला, माणसाएवढ्या उंच स्पीकरच्या अगदी शेजारी एक खुर्ची रिकामी होती. तिथं कुणी बसत नसे, कान बधिर व्हायचे. सासूबाई तिथं बसल्या आणि त्यांनी डोळे मिटले. मी त्यांच्यामागे जाऊन उभी राहिले. 'राखण' सुरू झालं. सगळं मैदान ओरडत होतं, आणि माझ्या सासूबाई मांडीवर ताल धरत होत्या. चुकीचा नाही, अचूक. सम आली की हात अलगद उपडा व्हायचा.

घरी येईपर्यंत एक शब्द नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघराच्या दारात आले तर त्या पाठमोऱ्या बसून मेथी निवडत होत्या आणि 'राखण' गुणगुणत होत्या. सुरात. मी म्हटलं, "आई, चहा ठेवू?" त्या गुणगुणतच राहिल्या. रागावलेलं माणूस गुणगुणत नाही. माझ्या डोक्यात काहीतरी चमकलं. मी श्वास घेतला आणि नेहमीच्याच दबक्या आवाजात, हडपसरच्या बोलीत म्हटलं, "म्हातारे, च्या पितीस का न्हाई?"

मेथी निवडणं सुरूच. मला हसू येत होतं आणि रडूही. लग्नापासूनचा सगळा अबोला त्या एका क्षणात उलगडला. माझे ओठ दिसले की त्या उत्तर द्यायच्या. नाही दिसले तर मी त्यांच्यासाठी घरात नसायचेच. आणि मी तर माहेरच्या आईचं ऐकून आवाज आणखी बारीक केलेला! 'पुटपुटतात नुसते' म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

सुधीरला मी हे सांगितलं. "मला संशय होता," तो म्हणाला. "पण तिला सांगणार कोण? ती माझीही मुख्याध्यापिका होती, नंदा."

मी नाही सांगितलं. मी वर्तमानपत्रात 'खळं'च्या कार्यक्रमांच्या जाहिराती शोधायला लागले.

काय हिवाळा होता तो! मी नुसतं त्यांच्यासमोर जाऊन म्हणायचं, "आई, शनिवारी आहे," की त्या शालीची घडी काढायच्या. कर्वे रस्त्यावरच्या एका शाळेच्या पटांगणात ऐकलं, नदीकाठी ऐकलं, एका सभागृहात ऐकलं जिथं व्यवस्थापक सारखा येऊन "आवाज कमी करा" म्हणत होता आणि सासूबाईंनी त्याला मुलाला बाकावर उभं करावं तशा नजरेनं परत पाठवलं. पोरं त्यांना ओळखायला लागली. स्पीकरजवळची खुर्ची आधीच रिकामी ठेवायची. "आजी, शेंगदाणे घ्या." "आजी, आज 'राखण' शेवटी आहे, जाऊ नका हं." एका मुलानं कौतुकानं विचारलं, "आजी, तुम्हाला एवढा मोठा आवाज सहन कसा होतो?" त्याचे ओठ वाचून त्या म्हणाल्या, "तुमच्या पिढीच्या अकलेपेक्षा सोपं आहे ते." तो मुलगा आज आमच्या गच्चीवर असतो, टक्कल पडलेला, आणि हे वाक्य स्वतःच सगळ्यांना सांगतो.

जानेवारीत मारुती आबांना भेटला आणि ठरलं, बँडनं आमच्या शेतात हुरड्याला यायचं. आज तिथं काचेची इमारत आहे, गळ्यात ओळखपत्राचे पट्टे घातलेली पोरं बसमधून उतरतात आणि आत जातात. तेव्हा डोक्याएवढी उंच ज्वारी होती. बांधाशेजारी खड्डा करून गोवऱ्या पेटवलेल्या, त्यात कणसं खुपसलेली, आणि आबा गरम कणसं तळहातावर चोळून हिरवे दाणे पाटीत टाकत होते. आबा आणि सासूबाई लग्नानंतर पहिल्यांदाच भेटत होते. दोघंही अवघडलेले. आबांना हळू बोलता येतच नव्हतं. ते नेहमीसारखे गरजले, "विहीणबाई, बसा की! हुरडा गरम हाय तवर खावा!"

सासूबाईंचा चेहरा उजळला. त्यांनी आबांना उत्तर दिलं, आबांनी त्यावर आणखी मोठ्यानं उत्तर दिलं, आणि बघता बघता त्या दोघांच्या अशा गप्पा रंगल्या की मी आणि माझी आई बघतच राहिलो. आबांचा प्रत्येक शब्द त्यांना पोचत होता. आई माझ्या कानात म्हणाली, "किती आरडतोय हा माणूस. काय म्हणतील त्या?" मी आईचा हात दाबला आणि म्हटलं, "आरडू दे."

दुपारी उन्हात, वायर ओढून, एका बैलगाडीवर स्पीकर ठेवून 'खळं' वाजलं. अविनाशनं हाळी दिली आणि खरीखुरी पाखरं ज्वारीतून भर्रकन उठली. सगळे हसले, आणि सासूबाई त्या थव्याकडे मान वर करून कितीतरी वेळ बघत होत्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांत घरात वादळ झालं. सुधीरनं कसाबसा धीर करून त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, कानाची नस सुकत चालली आहे, हळूहळू सगळंच जाईल. यंत्रानं थोडी मदत होईल. मोठा आवाज मात्र कटाक्षानं टाळा, नाहीतर उरलंसुरलंही लवकर जाईल. आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला 'खळं'चा शेवटचा कार्यक्रम जाहीर झाला होता. अविनाश शिकायला परदेशी निघाला होता.

"आई, आता बास," सुधीर त्यांच्यासमोर उभा राहून एकेक शब्द सुटा करत म्हणाला. "त्या कार्यक्रमाला तू जायचं नाहीस. उरलेलं तरी जप."

त्यांनी त्याच्याकडे शांतपणे बघितलं. "कशासाठी जपू? कुकरच्या शिट्टीसाठी?"

सुधीरनं डॉक्टरांचा कागद त्यांच्यापुढे धरला.

"दोन वर्षं मी गाण्याला गेले नाही," त्या म्हणाल्या. "समोर गवई तोंड उघडायचा आणि मला पंख्याच्या घरघरीसारखं काहीतरी ऐकू यायचं. लोक वाहवा म्हणायचे, मी त्यांच्याकडे बघून मान हलवायची. लाज वाटली मला. म्हणून घरात बसले. आता पुन्हा काहीतरी पोचतंय. इथं पोचतंय," त्यांनी छातीवर हात ठेवला. "तुला कळतंय का, सुधीर? गाणं पोचतंय मला. तू मला जाऊ नको म्हणतोस?"

सुधीरनं चष्मा काढून पुसला. मग माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "रिक्षानं जा. बसमध्ये गर्दी असते."

पुढचं आधीच सांगून टाकते. डॉक्टर म्हणाले तसंच झालं, पुढच्या एक-दोन वर्षांत त्यांचं ऐकणं जवळजवळ गेलं. त्या त्यानंतर खूप जगल्या, नातवंडांना व्याकरण शिकवलं, पाटीवर लिहून भांडल्या. यंत्र लावलं त्यांनी, पण पेटीत ठेवायच्या जास्त. "यात भांडी ऐकू येतात, गाणं नाही," म्हणायच्या. 'खळं'ही तुटलं ते कायमचं. मारुती परत वरातीत वाजवायला लागला, त्याचा मुलगा आता वाजवतो. एक कॅसेट निघाली होती, ती आमच्या गच्चीवर लावतात, पण त्यात हलगी डब्यासारखी वाजते. माझ्या नातीनं ऐकून विचारलं, "आजी, यासाठी तुम्ही एवढे वेडे होतात?" मी म्हटलं, "हे ते नव्हेच." ते त्या मैदानांतच राहिलं. अंगात शिरलं तेवढंच आपलं.

आता तो शेवटचा कार्यक्रम. मार्केट यार्डात, सुट्टीच्या दिवशी, गाळे बंद असताना. दुपारचं कलतं ऊन, कांद्याच्या सालींचा आणि ओल्या पोत्यांचा वास. चार ट्रक पाठीला पाठ लावून त्यांचा मंच केलेला. हमाल होते, कॉलेजची पोरं होती, व्यापाऱ्यांच्या बायका गाळ्यांच्या पायऱ्यांवर पदर सावरून बसल्या होत्या. आबा आले होते, डोक्याला फेटा बांधून. स्पीकरजवळची खुर्ची रिकामीच ठेवली होती. पण सासूबाई बसल्या नाहीत. त्या ट्रकला लागून उभ्या राहिल्या आणि त्यांनी दोन्ही तळहात ट्रकच्या फळीवर ठेवले. मीही ठेवले. हलगीचा प्रत्येक ठोका फळीतून हातात, हातातून दंडात चढत होता.

त्या दिवशी 'खळं' असं वाजलं की माझ्याकडे शब्द नाहीत. अविनाश गाताना रडत होता की घामानं डबडबला होता, सांगता येत नाही. एक म्हातारा हमाल रिकामं पोतं डोक्यावर धरून नाचत होता. पायऱ्यांवरच्या बायका कधी उभ्या राहिल्या आणि कधी टाळ्या वाजवायला लागल्या, त्यांचं त्यांनाही कळलं नसेल. शेवटी 'राखण' झालं. सगळं यार्ड "होऽऽय" म्हणून घुमलं, पत्र्यांवर बसलेली कबुतरं उडाली, आणि ठोका पडून गाणं संपलं. एक क्षण पूर्ण शांतता.

त्या शांततेत एकच आवाज आला. उंच, खणखणीत, सुरेल. "पाखरा होऽऽय!"

सासूबाईंचे डोळे मिटलेले होते. फळीतून हातात आलेली थरथर अजून गेली नसेल. गाणं संपल्याचं त्यांना कळलंच नव्हतं.

सगळ्यांच्या माना वळल्या. सासूबाईंनी डोळे उघडले आणि हे लोक आपल्याकडे बघतायत हे त्यांना दिसलं, तर? ती लाज त्यांना पुन्हा घरात बसवेल, हे मला ठाऊक होतं. मी काही विचार केला नाही. पोटातून आवाज काढला. ज्वारीतला, ओढ्यापलीकडे जाणारा. "होऽऽय!"

आणि मागून आबा गरजले. मग हमाल. मग पोरं. मारुतीनं एकदा अविनाशकडे बघितलं आणि हलगीवर काडी टाकली. 'राखण' पुन्हा सुरू झालं, पहिल्यापासून, पहिल्यापेक्षा जोरात. सासूबाईंनी डोळे उघडले तेव्हा सगळं यार्ड नाचत होतं. त्या माझ्याकडे वळून हसल्या. तोंडभर. तसं हसू मी त्या घरात पाहिलं नव्हतं.

घरी जाताना रिक्षात बसल्या बसल्या त्या बोलायला लागल्या. किती मोठ्यानं, याचा त्यांना पत्ता नव्हता. "गिटारवाला तिसऱ्या गाण्यात मागे पडत होता! तुझ्या लक्षात आलं का?"

मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "नाही आलं!"

"नाही आलं? अगं, मग ऐकत काय होतीस? आणि तो आवाज कुणाचा होता, पहिला, माझ्यानंतरचा?"

"माझा!"

"तुझा?" त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळलं. "एवढा आवाज आहे तुला? मग घरात उंदरासारखी का बोलतेस?"

मी हसता हसता ओरडून सांगायला लागले, आईनं काय बजावलं होतं ते, माळ्यावरचं, गोफणीचं, मेथी निवडताना मी त्यांना काय म्हटलं होतं ते सुद्धा. त्या माझ्या पाठीवर थापा मारत हसत होत्या आणि उलट ओरडत होत्या. स्वारगेटच्या चौकात सिग्नल लागला. शेजारचे स्कूटरवाले वाकून आत बघायला लागले. शेवटी रिक्षावाला वैतागून मागे वळला, "अहो बाई, भांडण घरी जाऊन करा की!"

"काय म्हणतोय तो?" सासूबाईंनी विचारलं.

मी जीव खाऊन ओरडले, "म्हणतोय, भांडण घरी जाऊन करा!"

"भांडण?" त्या म्हणाल्या आणि त्यांनी माझा हात घट्ट धरला. "त्याला सांग, तू पुढे बघून चालव. आमचं लग्नापासूनचं बोलणं तुंबलंय."